मेडाला : रंगीत तालमीत कोसळलेले जाळे

१/
१४ ऑगस्ट २०२०. जगभर विखुरलेल्या हजारो संगणकांनी अकस्मात वेळ चार तासांनी पुढची धरली. वीज गेली नव्हती, घरातली घड्याळे बिघडली नव्हती, कोणी हल्लाही केला नव्हता. तरीही पुढील काही तासांत एक संपूर्ण जाळे विस्कळीत झाले. त्याचे नाव होते मेडाला. त्यावरील एकाही नाण्याला बाजारात किंमत नव्हती. तथापि इथेरियमच्या इतिहासात या पडझडीइतका उपयोगी पडलेला अपघात विरळाच. हा थ्रेड त्या तालमीचा, आणि ती तालीम उभी करणाऱ्या सामान्य नोडचालकांचा.

२/
प्रथम पार्श्वभूमी. ब्लॉकचेन म्हणजे एकच हिशेबवही, जिची प्रत हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. अशा प्रत्येक संगणकाला ‘नोड’ म्हणतात. वहीत एकदा पक्की झालेली नोंद खोडता येत नाही, म्हणून नियमांतली चूकही महागात पडते. यावर उपाय म्हणून ‘टेस्टनेट’ जन्माला आले. त्यात प्रणाली तीच, नियम तेच, फक्त नाणे निरर्थक. नाटकाच्या परिभाषेत ही रंगीत तालीम होय. वेशभूषा, प्रकाश, संगीत सारे खरे असते. तिकीट काढून आलेला प्रेक्षक तेवढा नसतो.

३/
इथेरियमची पहिली मोठी तालीम मे २०१५ मध्ये ‘ऑलिंपिक’ या नावाने झाली. जाळ्यावर हवा तेवढा ताण टाका, ते मोडून दाखवा, असे खुले आवाहन होते आणि त्यासाठी २५,००० ईथरपर्यंतची बक्षिसे जाहीर झाली होती. ३० जुलै २०१५ रोजी मुख्य जाळे सुरू झाले. पुढे टेस्टनेटना मेट्रो स्थानकांची नावे देण्याची प्रथा पडली. रॉप्स्टेन व रिंकेबी ही स्टॉकहोममधली स्थानके, कोव्हान सिंगापूरचे, तर गोर्ली हे नाव बर्लिनच्या गोर्लिट्झर बानहोफवरून आले. मेडाला हे नाव ब्युनॉस आयर्समधील स्थानकाचे.

४/
निरर्थक नाण्याची एक अडचण लवकरच उघड झाली. रॉप्स्टेन हे मुख्य जाळ्याप्रमाणेच ‘प्रूफ ऑफ वर्क’वर चाले, म्हणजे संगणकीय श्रम खर्ची घालून ब्लॉक जोडावा लागे. मुख्य जाळ्यावर या श्रमाला मोबदला होता, म्हणून श्रम करणारे पुष्कळ होते. रॉप्स्टेनवर मोबदला शून्य, म्हणून राखणदारही तुरळक. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोणीतरी थोड्याशा संगणकशक्तीच्या बळावर तेथे अवाढव्य ब्लॉकांचा मारा केला आणि ते जाळे निकामी झाले. ते सावरण्यासाठी इतरांनी आपली संगणकशक्ती दान दिली.

५/
मग मार्ग बदलला. २०१७ मधील कोव्हान व रिंकेबी आणि २०१९ मधील गोर्ली या जाळ्यांवर ब्लॉक जोडण्याचा अधिकार मोजक्या, ओळखीच्या नोडनाच देण्यात आला. हल्ले थांबले, पण तालमीचा एक भाग गळाला. ज्या अनोळखी सामान्य माणसांच्या जिवावर मुख्य जाळे चालायचे होते, त्यांना या रंगमंचावर प्रवेशच उरला नाही. दरम्यान इथेरियमने ‘प्रूफ ऑफ स्टेक’ या नव्या पद्धतीकडे जाण्याची तयारी चालवली होती, आणि तिचा सारा भार नेमका त्या अनोळखी माणसांवर होता.

६/
प्रूफ ऑफ स्टेकमध्ये श्रमाच्या जागी अनामत येते. ३२ ईथर ठेव म्हणून गुंतवणाऱ्याला ‘व्हॅलिडेटर’ होता येते. त्याचे काम साक्षीदाराचे : आलेला ब्लॉक नियमाप्रमाणे आहे, असा आपला शिक्का उमटवायचा आणि पाळी आली की स्वतः ब्लॉक मांडायचा. जुन्या महजरावर गोताच्या साक्षी पडत, तशीच ही रीत. भेद एवढाच, की येथे साक्षीदाराची अब्रू नव्हे, ठेव पणाला लागलेली असते. खोटी साक्ष दिली की ठेव कापली जाते.

७/
वेळापत्रक काटेकोर असते. दर १२ सेकंदांचा एक ‘स्लॉट’, ३२ स्लॉटांचा एक ‘इपॉक’, म्हणजे ६.४ मिनिटे. एकूण ठेवीच्या दोन-तृतीयांश वजनाच्या साक्षी जुळल्या की नोंद कायमची पक्की होते. यालाच ‘फायनॅलिटी’ म्हणतात. शिक्षा दोन प्रकारच्या. गैरहजर राहिल्यास किरकोळ दंड. मात्र एकाच वेळेसाठी परस्परविरोधी अशा दोन साक्षी दिल्या, तर ‘स्लॅशिंग’ : ठेवीला कात्री आणि जाळ्यातून कायमची हकालपट्टी. थोडक्यात, झोपलेला साक्षीदार क्षम्य, दुतोंडी साक्षीदार अक्षम्य.

८/
या व्यवस्थेत सामान्य माणसाचा धोका मोठा होता. २०२० अखेर सुरू होणाऱ्या नव्या साखळीत ठेव भरण्याची सोय होती, काढण्याची नव्हती. ती पुढील एखाद्या सुधारणेत येईल, एवढेच आश्वासन होते. प्रत्यक्षात ती १२ एप्रिल २०२३ रोजी आली. म्हणजे किल्ली हरवली, मांडणी चुकली किंवा प्रणालीतच दोष निघाला, तर परतीचा दरवाजा नाही. चूक करायची तर ती आधी, टेस्टनेटवरच करायची. त्यासाठी मेडाला उभारले गेले आणि त्याचे दार सर्वांना खुले ठेवण्यात आले.

९/
२०२० च्या उन्हाळ्यात मेडालावर व्हॅलिडेटर उभा करणे म्हणजे काय करणे होते? एक बऱ्यापैकी संगणक, वेगवान एसएसडी डिस्क, अखंड इंटरनेट आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सवय. त्यावर तीन प्रणाली एकत्र नांदवायच्या. पहिली जुन्या पद्धतीचे गोर्ली जाळे वाचणारी, कारण ठेव तेथे भरली जाई. दुसरी ‘बीकन नोड’, म्हणजे नव्या साखळीची वही सांभाळणारी. तिसरी व्हॅलिडेटर प्रणाली, जिच्या हाती शिक्का. राउटरवर योग्य पोर्ट उघडले नाही, तर नोडला सोबती मिळत नसत आणि तो एकटाच पडून राही.

१०/
त्यानंतर किल्ल्या. एक लहानशी प्रणाली २४ इंग्रजी शब्दांची माळ तयार करी. ही माळ म्हणजे मूळ बीज. ती कागदावर उतरवायची, संगणकात साठवायची नाही, कोणाला दाखवायची नाही. त्या बीजातून शिक्क्याची किल्ली निघे. ती परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेल्या फाइलीत राही. सोबत ठेवीच्या तपशिलाची दुसरी फाइल. नाणे फुकटचे असूनही ही शिस्त तालमीत पाळायची होती, कारण हाताला लागलेले वळणच पुढे खऱ्या रंगमंचावर उपयोगी पडणार होते.

११/
पुढे ठेव. ३२ चाचणी-ईथर मोफत वाटणाऱ्या सोयीला ‘फॉसेट’, म्हणजे नळ, असे सार्थ नाव आहे. ते मिळाले की ‘लाँचपॅड’ नावाच्या संकेतस्थळावर जायचे. तेथे एकामागून एक पानांवर धोके वाचून मान्य करावे लागत. मगच ठेवीची फाइल चढवता येई आणि वॉलेटमधून रक्कम ठेव-करारात जमा होई. जाळे सुरू झाल्यानंतर येणाऱ्यांसाठी रांग होती. सुरुवातीच्या नियमानुसार एका इपॉकमध्ये चार, म्हणजे दिवसाला ९०० नवे व्हॅलिडेटर आत घेतले जात.

१२/
या यादीत एक पायरी क्षुल्लक वाटे : संगणकाचे घड्याळ बिनचूक ठेवणे. बारा-बारा सेकंदांच्या तालावर चालणाऱ्या जाळ्यात वेळ चुकली की साक्षही चुकते. साधारणतः संगणक इंटरनेटवरील वेळ-सेवकांकडून वेळ जुळवून घेतो. पण तो मार्ग फसवला जाऊ शकतो, अशी भीती जाणकारांना होती. म्हणून प्रिझम या प्रणालीच्या कर्त्यांनी अधिक सुरक्षित मानला गेलेला क्लाउडफ्लेअरचा ‘रफटाइम’ हा मार्ग स्वीकारला. सावधगिरीपोटी घेतलेला हाच निर्णय पुढे निर्णायक ठरला.

१३/
४ ऑगस्ट २०२० रोजी मेडाला सुरू झाले. किमान १६,३८४ व्हॅलिडेटर हवे होते, जमले २०,००० हून अधिक. नियम एकच असले, तरी ते राबवणाऱ्या प्रणाली, म्हणजे ‘क्लायंट’, पाच वेगवेगळ्या गटांनी पाच भाषांत लिहिल्या होत्या : प्रिझम, लाइटहाऊस, टेकू, निंबस आणि लोडस्टार. एका प्रणालीत दोष निघाला तरी बाकीच्यांनी जाळे तगवावे, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात बहुसंख्य चालकांनी प्रिझमच निवडले. ते बसवायला सोपे होते आणि त्याची माहितीही भरपूर उपलब्ध होती. पाच खांबांची इमारत एकाच खांबावर तोललेली होती.

१४/
दहा दिवसांनी तो खांब हलला. रफटाइमकडे सहा सेवकांकडून वेळ येई आणि प्रिझम त्यांची सरासरी काढी. १४ ऑगस्टला त्यांपैकी एका सेवकाने २४ तास पुढची वेळ सांगितली. सरासरीचे गणित निर्दय असते : २४ भागिले ६, म्हणजे ४. पाच सेवक खरे बोलत असूनही प्रिझमचे नोड चार तास भविष्यात जाऊन बसले. एकट्या चुकणाऱ्याला बाजूला सारण्याऐवजी त्याची चूक सर्वांत वाटून घेण्यात आली. सरासरीऐवजी मध्यक घेतला असता, तर तो एक सेवक निरुपद्रवी ठरला असता.

१५/
भविष्यात पोहोचलेले नोड चार तासांनंतरच्या स्लॉटांसाठी साक्षी देऊ लागले. बाकीच्या प्रणालींना त्या अग्राह्य होत्या. दोन-तृतीयांशांचे गणित कोलमडले आणि फायनॅलिटी थांबली. खरा घाव मात्र वेळ पुन्हा सरळ झाल्यावर बसला. चार तास मागे आलेल्या नोडसमोर तेच स्लॉट दुसऱ्यांदा उभे राहिले, ज्यांसाठी त्यांनी आधीच शिक्का उमटवला होता. ज्यांची जुन्या साक्षींची नोंदवही शाबूत होती, ते गप्प राहून वाचले. बाकीच्यांनी पुन्हा साक्ष दिली आणि स्लॅशिंगची लाट उसळली. लबाडी कोणाचीच नव्हती, पण नियमाला हेतू कळत नाही.

१६/
मग घाई आली. दुरुस्तीची आवृत्ती तातडीने काढण्यात आली, तीत नवा दोष निघाला आणि चालकांना मागे फिरण्यास सांगावे लागले. एव्हाना साखळीला अनेक फाटे फुटले होते. खरा फाटा शोधताना इतर प्रणालींच्याही नोडची स्मृती व गती अपुरी पडू लागली. कित्येकांना प्रिझम सोडून दुसरीकडे जावेसे वाटले, परंतु तेथेही पेच होता. जुन्या साक्षींची नोंदवही एका प्रणालीतून दुसरीत नेण्याची सर्वमान्य पद्धत नव्हती. नोंदवहीविना स्थलांतर म्हणजे पुन्हा स्लॅशिंगला आमंत्रण.

१७/
अनेक दिवसांच्या खटपटीनंतर चालक परतले, नोड पुन्हा वहीशी जुळले आणि मेडाला सावरले. नियमांत तशी तरतूदही होती. फायनॅलिटी दीर्घकाळ थांबली की गैरहजरांची ठेव झिजत जाते आणि अखेरीस हजर असलेल्यांचे वजन दोन-तृतीयांशांवर पोहोचते. प्रिझमने घड्याळाची सूत्रे रफटाइमच्या हाती ठेवणे सोडले. ऑक्टोबर २०२० मध्ये साक्षींची नोंदवही सर्व प्रणालींत नेता यावी, यासाठी समान स्वरूपाचा प्रस्ताव मांडला गेला. ‘बहुसंख्यांची प्रणाली वापरू नका’ हा सल्ला येथून पुढे उपदेश न राहता अनुभवाचा बोल झाला.

१८/
मुख्य जाळ्यापूर्वी केवळ आरंभाच्या क्षणाचा सराव व्हावा, म्हणून २९ सप्टेंबरला स्पडायना हे अल्पजीवी जाळे उभारले गेले. त्याचा आरंभ अडखळत झाला, म्हणून १२ ऑक्टोबरला झिंकेन हे दुसरे. ४ नोव्हेंबरला खऱ्या ठेवींचा करार खुला झाला. आवश्यक ५,२४,२८८ ईथर २४ नोव्हेंबरला, अगदी अखेरच्या घटकेला पूर्ण झाले. १ डिसेंबर २०२० रोजी २१,०६३ व्हॅलिडेटरांसह साखळी सुरू झाली आणि कोणताही मोठा अडथळा न येता चालत राहिली.

१९/
धडे सर्वांनीच गिरवले, असे मात्र नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इतरांच्या वतीने नोड चालवणाऱ्या एका कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर स्लॅश झाले. वेग वाढवण्याच्या प्रयत्नात साक्षींची नोंदवही जपणारी सोयच बंद ठेवली गेली होती. उलट, ११ मे २०२३ रोजी मुख्य जाळ्याची फायनॅलिटी सुमारे २५ मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी तासाहून अधिक काळ थांबली, तेव्हा काही प्रणाली भाराखाली दबल्या, इतर टिकल्या आणि जाळे आपोआप सावरले. मेडालाच्या वेळी खांब एकच होता. या वेळी भार वाटून घेणारे अनेक होते.

२०/
मेडालाचा शेवट पराभवाने नव्हे, उपेक्षेने झाला. मुख्य जाळे जवळ आले तसे चालक निघून गेले, कारण सोडून गेल्याने कोणाचेच काही बुडत नव्हते. गोर्लीच्या वाट्याला नेमके उलट आले. चाचणी-ईथर दुर्मीळ झाले आणि २०२३ मध्ये ते खऱ्या पैशांना विकले जाऊ लागले. तालमीला नाणे मिळेना. गोर्लीच्या आधाराने चालणारे पॉलिगॉनचे टेस्टनेटही १३ एप्रिल २०२४ रोजी बंद झाले. मॅटिक या नावाने मुंबईत आरंभ झालेल्या त्या प्रकल्पाने आपल्या तालमीच्या जाळ्याला नावच ‘मुंबई’ दिले होते.

२१/
पुढचे जाळे होलेस्की, सप्टेंबर २०२३ मधले. तेथे नाण्यांची टंचाई पडू नये, म्हणून आरंभीच मुबलक चाचणी-ईथर निर्माण केले गेले. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘पेक्ट्रा’ सुधारणेच्या तालमीत तीन प्रमुख प्रणालींच्या मांडणीत ठेव-कराराचा पत्ता चुकीचा निघाला. बहुसंख्यांनी चुकीच्या फाट्यावर शिक्के मारले, आणि फायनॅलिटी परतायला १० मार्च उजाडला. १७ मार्चला नवे जाळे सुरू झाले : हूडी, बंगळुरूच्या मेट्रो स्थानकाचे नाव धारण करणारे. ७ मे २०२५ रोजी पेक्ट्रा मुख्य जाळ्यावर सुखरूप उतरले.

२२/
या दहा वर्षांच्या इतिहासात एक विसंगती सतत दिसते. टेस्टनेटचे नाणे निरर्थक हवे, अन्यथा चूक करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. आणि ते चालवणाऱ्याने मात्र ते मोलाचे मानायला हवे, अन्यथा चुकीतून काही शिकता येत नाही. रॉप्स्टेन राखणदारांअभावी पडले, गोर्ली नाण्याला किंमत आल्याने. मेडाला या दोहोंच्या मधोमध काही आठवडे उभे राहिले, कारण हजारो अनोळखी माणसांनी २४ शब्द कागदावर उतरवले, घड्याळे जुळवली, आणि जाळे कोसळल्यावर मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आपापले नोड पुन्हा उभे केले. १ डिसेंबरच्या २१,०६३ व्हॅलिडेटरांमागे ही तालीम होती.